व्हिएतनामच्या डोंगरातले आठवडी बाजार : बाक हा, कान काउ, डोंग वान, मेओ वाक (आधी वार बघा, मग तिकिटं काढा)

डोंगरवेडी

मंडळी, नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनामला जाऊन आले, मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे ठणठणीत, जीभ त्याहून). जायच्या आधी इथे मराठीत शोधलं तर हालाँग बे आणि दा नांगचा तो हातांचा पूल यापलीकडे फार काही सापडलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहू. मला बघायचे होते ते चीनच्या सीमेलगतच्या डोंगरातले बाजार, जिथे हमोंग, दाओ, ताय, नुंग, लो लो असे वेगवेगळे लोक आठवड्यातून एकदा आपापल्या पाड्यांवरून खाली उतरतात.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेल, फ्लाइट, साइटसीइंग सगळं नंतर, पहिल्यांदा बाजाराचे वार कागदावर लिहा. बाक हा रविवारी. कान काउ शनिवारी, ते बाक हाच्या उत्तरेला साधारण २० किमी. कॉक ली मंगळवारी, नदीकाठी. आणि तिकडे पूर्वेला हा जिआंगच्या (लिहितात जिआंग, म्हणतात झांग) पठारावर डोंग वान पण रविवारी आणि मेओ वाक पण रविवारी. आता आली का गोची? बाक हा आणि डोंग वान एकाच रविवारी होत नाहीत, म्हणजे दोन रविवार हवेत, म्हणजे एक आठवड्याच्या सुट्टीत दोन्ही बसवायला गेलात की एक गेलंच. आम्ही शुक्रवारी रात्री हनोईहून लाओ काईची ट्रेन पकडली (आठेक तास), शनिवारी कान काउ, रविवारी बाक हा, मंगळवारी कॉक ली, मग गाडी करून शिन मान - ह्वांग सू फीच्या बाजूने हा जिआंग, आणि पुढच्या रविवारी डोंग वान-मेओ वाक. या दोघांत अंतर जेमतेम २२ किमी आहे, त्यामुळे पहाटे एक आणि नऊ-साडेनऊला दुसरा असं जमतं, आणि मधला रस्ता म्हणजे मा पी लेंगचा घाट! त्यावर नंतर.

बाक हाला शनिवारी रात्री मुक्काम कराच. सा पा या पर्यटकांच्या गावातून रविवारी सकाळी टूरच्या व्हॅन येतात त्या शंभरेक किलोमीटर वळणं घेत दहाच्या सुमाराला पोचतात, तोवर खरा बाजार अर्धा उरकलेला असतो. आम्ही सहाला बाहेर पडलो तेव्हा धुकं होतं आणि बायका टोपल्या पाठीवर घेऊन येत होत्या, फ्लॉवर हमोंग म्हणतात त्यांना, इतके रंग अंगावर की धुक्यातनं आधी फक्त घागराच दिसतो, माणूस नंतर.

म्हशींचा बाजार वेगळ्या जागी भरतो, तिथे मी तासभर उभी होते. एक म्हातारा म्हशीचं तोंड उघडून दात बघतोय, मग पाठीवरचे भोवरे बघतोय, मग शेपटी उचलतोय, आणि विकणारा दुसरीकडे बघून बांबूच्या पाइपातून तंबाखू ओढतोय, जणू काही ही म्हैस आपली नाहीच. पंधरा मिनिटांत दोघं एक शब्द बोलले नाहीत. मग म्हातारा निघून गेला. मग परत आला. शेवटी व्यवहार झाला की नाही मला कळलं नाही कारण नवऱ्याला भूक लागली.

बेरीजवजाबाकी

मस्त. तीन प्रश्न. एकूण खर्च? व्हिसा? आणि रोख किती न्यावी? बाकी वर्णन छान आहे पण आम्हाला एक्सेल लागते :)

डोंगरवेडी

@बेरीजवजाबाकी
व्हिसा ऑनलाइन, सिंगल एंट्री २५ डॉलर, मल्टिपल ५०, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो (२०२३ च्या ऑगस्टपासून, आधी ३० होता). फक्त सरकारी साइटवरच भरा, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट घेतात. मी कुठे भरला हे विचारू नका.

रुपयाला साधारण ३०० डोंग धरा. बाजारात सगळं रोख. आणि एक सांगते, २० हजारची नोट निळी आहे आणि ५ लाखाची पण निळी आहे. सासूबाईंनी कान काउला संत्री घेतली आणि २० हजार म्हणून ५ लाख काढून दिले. म्हणजे ७० रुपयांच्या जागी सतराशे. त्या बाईने नोट बघितली, सासूबाईंकडे बघितलं, शेजारणीला दाखवली, दोघी पोट धरून हसल्या, मग सासूबाईंच्या हातातलं पाकीट स्वतःच घेऊन त्यातली बरोबर नोट काढली आणि ५ लाखाची सगळ्यात आतल्या कप्प्यात कोंबून चेन लावून दिली. वर एक संत्रं जास्त. तेव्हापासून सासूबाई व्हिएतनामबद्दल एक वाईट शब्द ऐकून घेत नाहीत.

कडक_शाकाहारी

ताई, खायचं काय केलंत? आम्ही अंडंसुद्धा खात नाही. नुडल्सच्या सूपमध्ये म्हणे हाडंच असतात.

डोंगरवेडी

@कडक_शाकाहारी
खोटं बोलणार नाही, हाल होतात पण उपाशी नाही राहात. एक शब्द पाठ करा : चाय. तिकडे 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण :) नवरा पहिल्या दिवशी दुकानावर 'चाय' अशी पाटी बघून आनंदाने आत शिरला आणि तोफूची भाजी खाऊन बाहेर आला. पण डोंगरात फक्त चाय म्हणून भागत नाही, माशाचा सॉस (नुओक माम) घालू नका हे वेगळं सांगायला लागतं कारण तो त्यांच्या हिशेबात मिठासारखा आहे. फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवलेलं बरं, तरी म्हाताऱ्या हमोंग बायकांना व्हिएतनामी वाचता येईलच असं नाही, त्यांची भाषाच वेगळी.

बाजारात : पाच रंगांचा चिकट भात मिळतो (रंग पानाफुलांचे), भाजलेली कणसं, रताळी, तांदळाची गोड बोंडं, केळी, संत्री. मक्याचं भरड पीठ वाफवून करतात ते मेन मेन, कोरडं लागतं, घशाला पाणी लागतं, पण निखळ शाकाहारी. हा जिआंगला कुट्टूच्या पिठाची जाडसर भाकरीसारखी पोळी मिळते जांभळट रंगाची, सासूबाई म्हणाल्या ही उपासाला चालेल, आणि त्या आनंदात दोन खाल्ल्या.

बाजाराच्या मधोमध मोठमोठ्या कढया दिसतील, त्यात थांग को असतं, घोड्याचं मांस आणि आतडी वगैरे. वासावरून कळतंच. नवऱ्याने खाल्लं. मत विचारलं तर 'अनुभव' म्हणाला. मक्याची दारू प्लास्टिकच्या कॅनमध्ये विकतात, बाक हाजवळच्या बान फोची फेमस, झाकणातून चव बघायला देतात, सकाळी सातला!

टपरी_ते_टपरी

हा जिआंग लूप (त्या पठाराची गोल फेरी) मी मागच्या वर्षी केला, चार दिवस, बाइकवर. गाडीतून काय मजा? तो रस्ता बाइकसाठीच आहे. सेमी ऑटोमॅटिक भाड्याने घ्या नि सुटा.

बेरीजवजाबाकी

@टपरी_ते_टपरी लायसन्सचं काय केलंत?

टपरी_ते_टपरी

इंटरनॅशनल परमिट होतं ना आपल्या आरटीओचं. भाड्याने देणारा म्हणाला चालतंय. पोलिसांनी अडवलं, चालत नव्हतं. दंड भरला, गाडी ठेवून घेता घेता राहिली.

बेरीजवजाबाकी

तेच तर. आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं. दिसायला दोन्ही पुस्तिकाच. दंड सोडा, अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले वैध लायसन्स नाही म्हणून हात वर करतील, त्या घाटात हॉस्पिटल काही कोपऱ्यावर नाहीये. भाड्याने देणारा 'चालतंय'च म्हणणार, त्याचं काय जातंय.

डोंगरवेडी

+१. ज्यांना बाइकच हवी त्यांनी इझी रायडर घ्या, म्हणजे तिथला पोरगा चालवतो आणि तुम्ही मागे बसता. मला तर हेच जास्त पटलं असतं, कारण मा पी लेंगवर चालवणाऱ्याला फक्त पुढचं वळण दिसतं आणि मागच्याला खालची न्यो क्वे नदी, हिरवीगार, आणि इतकी खाली की एखाद्याने रिबीन टाकून दिल्यासारखी. तिथली तू सानची दरी बोटीतूनही बघता येते. रस्त्याची गोष्ट पण ऐका, हा जिआंग ते मेओ वाक हा साधारण १८५ किमीचा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये जवळपास सगळा हाताने खोदलाय, पहार, घण, सुरुंग. मा पी लेंगचा कडा तर पोरं दोराला लटकून अकरा महिने फोडत होती. नाव काय दिलंय, तर 'आनंदाचा रस्ता'. त्याच्या आधी मिठाची गोणी आणायलासुद्धा कित्येक दिवसांची पायपीट होती म्हणे, मग आनंद का नसावा.

निवांत

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. या सगळ्या 'ट्रायबल मार्केट' टुरिझमचा मला जरा त्रासच होतो. आपण कॅमेरे घेऊन जातो, त्यांचे कपडे बघतो, फोटो काढतो, आणि 'किती ऑथेंटिक' म्हणत परत येतो. मी सा पाला गेलो होतो तेव्हा गावातून निघाल्यापासून चार ब्लॅक हमोंग बायका सोबत चालायला लागल्या, नाव काय, मुलं किती, चिखलात हात धरतात, आणि दोन तासांनी लाओ चाई नावाच्या पाड्यावर पोचल्यावर पिशव्या काढतात, आता माझ्याकडून घे. नाही म्हणवत नाही. त्यांचा दोष नाही, पण मला दोन्हीकडून वापरल्यासारखं वाटलं.

डोंगरवेडी

@निवांत
राग कशाला, सा पाबद्दल अगदी तेच वाटलं म्हणून आम्ही ते गाळलंच (तिथल्या फान्सिपान शिखरावर आता २०१६ पासून केबल कार आहे, ६ किमीच्या वर लांब, ज्यांना जायचंय त्यांनी जा, ३१४३ मीटर घाम न गाळता).

पण बाजाराचं मला उलटं वाटलं. बाक हाला मी त्यांच्यासाठी कोणीच नव्हते हो. तिथे कोणी नांगराचा फाळ घेतंय, कोणी पिल्लं गोणत्यात घालून, एक जण दात बसवून घेतोय उघड्यावर, शिलाई मशीनवाल्यांची रांग आहे आणि बायका अंगावरचा कोट काढून देतायत उसवलेला शिवायला, तरण्या पोरी मोबाइलचं कव्हर निवडायला अर्धा तास लावतायत. मी मध्ये उभी राहिले तर टोपलीचा धक्का मारून पुढे जातात. प्रवासी लोकांसाठी भरतकामाच्या पिशव्यांची एक बाजू आहे, तेवढी सोडली की बाकी बाजार तुम्हाला विचारतही नाही. ते मला फार बरं वाटलं.

जिथे तुम्ही म्हणता तसं होतं ते घाटातल्या व्ह्यू पॉइंटवर. थाम माच्या वळणांपाशी लहान लहान मुली पाठीवर फुलांच्या टोपल्या घेऊन फोटोला उभ्या असतात, शाळेच्या वेळेला. पैसे देऊ नका, चॉकलेट पण नको. ड्रायव्हरनेच सांगितलं, तुम्ही देता म्हणून त्या उद्या पण इथेच.

सुईदोरा

मी कापडाची माणूस, त्यामुळे माझा मुद्दा तिसराच. फ्लॉवर हमोंगच्या ज्या भडक घागऱ्यांचे फोटो सगळे टाकतात ना, त्यातल्या बऱ्याचशा आता चीनमधून छापून येणाऱ्या सिंथेटिक आहेत, आणि त्या बायकाच विकत घेतात, हौसेने, स्वस्त, हलक्या, पटकन वाळणाऱ्या. मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, मग विचार केला की एक घागरा कातून, विणून, मेणाने नक्षी काढून, निळीत बुडवून, भरून तयार व्हायला महिनोन् महिने जातात, मी तरी रोज तो घातला असता का?

ज्यांना हाताचं घ्यायचंय त्यांनी उलटं करून बघा. मेणाची नक्षी असेल तर निळा रंग मागच्या बाजूलाही झिरपलेला असतो, छापील असेल तर मागून फिकट. टाके मागून जरा गबाळे असले तर चांगलं लक्षण. आणि नाक लावा, खऱ्या निळीला एक आंबूस वास येतो. लुंग तामला गेला होतात का, क्वान बाजवळ? तिथे भांगेच्या धाग्याचं कापड विणतात.

डोंगरवेडी

@सुईदोरा
गेले होते! एक बाई मोठ्या दगडावर चढून उभी होती, खाली लाकडाचा ओंडका, मध्ये कापड, आणि दगडावर डावा पाय उजवा पाय असं झुलत होती, त्याने म्हणे कापड चपटं होऊन चकाकी येते. मला चढायला सांगितलं. दोन सेकंद टिकले.

पण खरं सांगू, माझ्या लक्षात राहिली ती कान काउची एक आजी. मी जॅकेटचा भाव करत होते, ती कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवायची, मी खोडून माझे दाखवायचे, आणि या सगळ्यात तिचे हात थांबलेच नाहीत, भांगेची साल बोटांनी फाडून एका पट्टीचं टोक दुसऱ्याला पीळ देऊन जोडत होती, न बघता, आणि कमरेला गुंडाळी मोठी होत होती. आकडा टाईप करायला एक बोट मोकळं करायची फक्त. बोटं मनगटापर्यंत निळी. शेवटी तिच्याच भावाला घेतलं मी.

निवांत

हे आवडलं. आणि बाजाराबद्दल तुमचं म्हणणं पटतंय थोडं. राजवाडा बघितलात का? हमोंग राजाचा.

डोंगरवेडी

हो, सा फिनला, वुओंग घराण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, दगड आणि लाकूड, तीन चौक, ६४ खोल्या. पैसा अफूचा, आणि लपवलेला नाही, खांबांच्या खालचे दगड चक्क अफूच्या बोंडाच्या आकाराचे घडवलेत, हात लावून लावून गुळगुळीत झालेत. भोवती उंच सरूची झाडं. लुंग कूचा झेंड्याचा मनोरा पण केला, झेंडा ५४ चौरस मीटरचा, ५४ जमातींचा म्हणून. खूप पायऱ्या, सासूबाई माझ्या आधी वर.

पण सा फिनलाच माझा पोपट झाला. कुठल्यातरी जुन्या ब्लॉगवर वाचलेलं की सा फिनचा बाजार भारी असतो, 'शुक्रवारी भरतो'. आम्ही बरोब्बर शुक्रवारी पोचलो तर मैदान रिकामं, उसाची चिपाडं आणि एक कुत्रं. ड्रायव्हर हसायला लागला, म्हणे काल झाला. मी म्हटलं शुक्रवारी असतो ना? तो म्हणे कुठला शुक्रवार?

बेरीजवजाबाकी

अहो तो 'मागे सरकणारा' बाजार! यावर मी वाचलंय. तिकडे दिवसांना बारा प्राण्यांची नावं आहेत, उंदीर, बैल, वाघ असं चक्र. सा फिनचा बाजार सापाच्या आणि डुकराच्या दिवशी. साप सहावा, डुक्कर बारावं, म्हणजे दर सहा दिवसांनी. पण आपला आठवडा सातचा, म्हणून दर खेपेला एक वार मागे. तुमचा गुरुवारी झाला तर पुढचा बुधवारी, मग मंगळवारी. ब्लॉगवाला खोटं बोलत नव्हता, तो गेला तेव्हा शुक्रवारच असेल.

डोंगरवेडी

हे मला तिथे कोणीतरी सांगायला हवं होतं. ड्रायव्हरने सांगितलं असेल पण आमच्यात साठ शब्द कॉमन होते.

कुंपणावरून

वाचनमात्र होतो, लॉगिन करायला लावलंत. कुठल्या महिन्यात जावं?

टपरी_ते_टपरी

सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर. सप्टेंबरात ह्वांग सू फीची भाताची पायऱ्यांची शेतं पिवळी होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुट्टूची गुलाबी फुलं पठारभर. जून ते ऑगस्ट पाऊस, दरडी. सप्टेंबरचीही गॅरंटी नाही, २०२४ मध्ये यागी वादळाने लाओ काईकडे गावंच्या गावं गाडली होती. डिसेंबर-जानेवारी धुकं, हाडं गोठतात.

डोंगरवेडी

आणि फुलं सोडली तर पठार म्हणजे नुसता काळा दगड. त्या दगडांच्या खळग्यांत टोपलीने माती आणून टाकतात आणि एकेका खळग्यात मक्याची दोन-तीन रोपं. गाडीतून पहिल्यांदा कळलंच नाही की ते शेत आहे.

अजून एक, २०२५ च्या जुलैपासून हा जिआंग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळे बसच्या किंवा नकाशाच्या नव्या पत्त्यात तुयेन क्वांग दिसलं तर घाबरू नका. आम्ही घाबरलो होतो. बुकिंगवाल्याने भलतीकडे पाठवलं म्हणून त्याच्याशी फोनवर भांडून झालं, मग कळलं.

सुईदोरा

त्या निळ्या जॅकेटचं काय झालं? धुतलंत?

डोंगरवेडी

तीनदा. गार पाण्यात, वेगळं, मीठ घालून, व्हिनेगर घालून. बादली अजून निळी. परतीच्या विमानात घातलं होतं तर मान निळी, कानाची पाळी निळी, इमिग्रेशनच्या माणसाने दोनदा फोटो बघितला.

सुईदोरा

मीठ-व्हिनेगरने काही होत नाही, तो सुटा रंग आहे, निघून जाऊ दे. दहा-बारा धुण्यांनी थांबेल. तोवर पांढऱ्या गादीवर बसू नका.

कुंपणावरून

ऑफिसात पुढच्या ऑक्टोबरची सुट्टी टाकली, शनिवार ते पुढचा रविवार, दोन रविवार बसवले. आता प्राण्यांचं कॅलेंडर घेऊन बसलोय. सा फिन नेमका सोमवारी येतोय, आणि माझी फ्लाइट सोमवारी पहाटे.

बेरीजवजाबाकी

सहा दिवस मागे जा ना. त्याच्या आधीचा मंगळवारी असेल.

कुंपणावरून

मंगळवारी कॉक ली आहे हो!